चुलीचे सारवण : एका गृहकृत्याचा शब्देतिहास

आपल्याकडील गृहजीवनाच्या इतिहासात अन्नाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे ते जिच्यावर शिजले त्या चुलीला मिळालेले नाही. आणि चुलीच्या स्वच्छतेला तर मुळीच नाही. पंगतींची वर्णने आहेत, पक्वान्नांच्या याद्या आहेत. परंतु पंगत उठल्यावर चूल कोणी, कशाने आणि किती वेळा स्वच्छ केली हे सांगण्याचे कोणास कारण पडले नाही. जे रोज घडते ते लिहून ठेवावे असे सहसा कोणाला वाटत नसते. अशा प्रसंगी अभ्यासकाने कागदाकडून शब्दाकडे वळावे हे इष्ट. कागदाने जे टिपले नाही ते पुष्कळदा शब्दाने आपल्या पोटात जपलेले असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. मातीच्या चुलीच्या बाबतीत स्वच्छ करणे, डागडुजी करणे आणि शुद्ध करणे ही तीन निरनिराळी कृत्ये नव्हती; ती एकच होती, आणि ‘सारवणे’ हे त्या एका कृत्याचे नाव होते. धातूची शेगडी घरात आल्यावर ही तिन्ही एकमेकांपासून सुटी झाली. ही फारकत ज्यांच्या ध्यानात आली नाही त्यांच्या हातून विसाव्या शतकात एक मोठा सार्वजनिक प्रयत्न अयशस्वी झाला. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे. तत्पूर्वी शब्दांची पाहणी करू.

‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आला हे सर्वमान्य आहे. संस्कृतात तो द्राविडी भाषांतून आला असावा, असेही भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठी घरातील चूल ही एकटी वस्तू नव्हे. तिच्या कुशीला दुसरे भांडे ठेवण्यासाठी वैल असे, मागच्या बाजूस भांडी टेकवण्याची भानवस असे, समोर राख ओढून घेण्यापुरती मोकळी जागा असे. हे सर्व एकाच मातीचे, जमिनीतून वर उचललेले. चूल जमिनीवर ठेवलेली नसे. ती जमिनीचाच एक उंचवटा असे. तेव्हा चुलीची स्वच्छता हा भुईच्या स्वच्छतेचाच एक भाग होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. गोव्याकडे चुलीच्या जागेस ‘रांदण’ म्हणतात. तेथे नाव रांधण्याच्या क्रियेवरून पडले, मराठीत ते वस्तूवरून पडले. परंतु तेथील क्रियापद ‘सारोवप’ हे आपल्या ‘सारवणे’चेच भावंड आहे.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच ‘सूना’ म्हणजे हिंसास्थाने सांगितली आहेत. चूल, जाते, उपस्कर, उखळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच. उपस्कर म्हणजे घरातील उपकरणे. काही टीकाकार त्यांत केरसुणीचा स्पष्ट समावेश करतात. चुलीत किडामुंगी जळते आणि केरसुणीखाली ती चिरडते. या नित्य पापाच्या निरसनासाठी पंचमहायज्ञ सांगितले, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे ज्या वस्तूने स्वच्छता करावयाची आणि जी वस्तू स्वच्छ करावयाची, त्या दोन्ही एकाच दोषात गोवलेल्या आहेत. धर्मशास्त्राच्या वाचकांनी या विचित्र योगाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात भूमीच्या शुद्धीचे पाच उपाय येतात. संमार्जन म्हणजे झाडणे, उपांजन म्हणजे लेप देणे, सेक म्हणजे पाणी शिंपडणे, उल्लेखन म्हणजे खरवडणे, आणि पाचवा गाईंचा निवास. यांतील क्रम थोडा बदलला की मराठी बाईने सकाळी चुलीपाशी केलेल्या कामाचे ते जवळजवळ शब्दशः वर्णन ठरते. आधी चिकटलेले खरवडायचे, मग राख व केर झाडायचा, पाणी शिंपडायचे, आणि शेवटी लेप द्यायचा. राहता राहिली गाय. तिला स्वयंपाकघरात आणणे गैरसोयीचे असल्याने तिच्या शेणावर भागले, असे म्हणावयास हरकत नसावी. महानुभावांच्या गद्यात सडा-संमार्जन आणि चौक-रंगमाळिका ही जोडी वारंवार भेटते. तेथे संदर्भ अंगणाचा वा देवस्थानाचा असला, तरी पाणी, केरसुणी आणि रांगोळी हा क्रम मराठीत किती जुना आहे हे तीवरून कळते.

आता ‘सारवणे’ या धातूकडे वळू. हिंदीत या कामास ‘लीपना’ आणि गुजरातीत ‘लींपवुं’ म्हणतात. दोन्ही संस्कृत ‘लिप्’पासून आलेली व अर्थाने सरळ. मराठीतही ‘लिंपणे’ आहे. पण ते जाड थर देऊन भोक वा भेग बुजवण्यासाठी आहे. कुडाची भिंत लिंपतात, चूल सारवतात. त्याहूनही पातळ काम ‘पोतारणे’. ओल्या चिंध्येने पांढरी वा तांबडी माती फिरवावयाची, ते पोतारणे. आणि ती चिंधी म्हणजे पोतेरे. तीन थरांना तीन क्रियापदे आहेत, आणि बोलीत त्यांची सरमिसळ झाली तरी जाणती बाई ती करीत नसे.

हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या प्राकृत व्याकरणात ‘समारच्’ या संस्कृत धातूला काही देशी आदेश सांगितले आहेत, त्यांत ‘सारव’ हा एक आहे. ‘समारच्’ म्हणजे नीट रचणे, व्यवस्थित करणे, सुधारणे. मराठी ‘सारवणे’ याच ‘सारव’चे रूप आहे असे मला वाटते. कानडीतही याच कामाला ‘सारिसु’ हे क्रियापद आणि ‘सारणे’ हे नाम आहे. दोन्ही भाषांतील स्त्रिया शतकानुशतके एकमेकींच्या शेजारी हेच काम करीत आलेल्या असल्याने या साम्याचा विचार करणे भाग आहे, आणि त्यावरून मूळ दक्षिणेकडे शोधणारा पक्ष अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि मराठी रूपातील ‘व’काराची उपपत्ती प्राकृतावरून अधिक सरळ लागते. ही व्युत्पत्ती स्वीकारली तर एक गोष्ट स्पष्ट होते. ‘सारवणे’चा मूळ अर्थ मळ काढणे हा नाही, लेप देणे हाही नाही, विसकटलेले पुन्हा नीट लावणे, हा आहे. रोजच्या आचेने चुलीला तडे जातात, भांडे आपटून तिची कड ढासळते, उतू गेलेले दूध आणि सांडलेली आमटी तिच्या मातीत मुरते. मुरलेला डाग मातीवरून पुसता येत नाही. त्यावर नवी माती चढवावी लागते. म्हणून येथे स्वच्छतेचा उपाय आणि दुरुस्तीचा उपाय एकच.

शेणाविषयी एक गोष्ट सांगून टाकतो. शेण जंतुनाशक असल्यामुळे पूर्वजांनी ते योजिले, असे हल्ली वारंवार लिहिले जाते. आपल्या विवेचनाला त्या दाव्याची गरज नाही. शेणातील न पचलेल्या गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात व ती वाळताना तडकू देत नाहीत, एवढे कारण ते वापरण्यास पुरेसे आहे.

चूल किती वेळा स्वच्छ करीत, या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण कृत्ये एकाहून अधिक होती आणि प्रत्येकाचा काळ निराळा होता. स्वयंपाकाआधी राख ओढणे हे वेळोवेळचे. पोतेरे फिरवणे हे रोजचे. बहुधा पहाटे, चूल पेटण्यापूर्वी, आणि सोवळे पाळणाऱ्या घरांत पुन्हा जेवणे आटोपल्यावर. शेणामातीचे जाड सारवण त्याहून विरळ. सणावाराच्या आदल्या दिवशी, ग्रहण सुटल्यावर, सुतक फिटल्यावर. पावसाळा सरल्यावर दिवाळीपूर्वी चुलीची सबंध डागडुजी होई, आणि फारच खचली असेल तर ती मोडून नवी घातली जाई. ज्या कुटुंबाला स्थिर घर नाही, त्याची चूल तीन दगडांची. ती सारवण्याचा प्रश्नच नव्हता. मुक्काम हलला की चूल मागे राही. म्हणून सारवलेली चूल ही स्थिर संसाराची खूण होती, आणि ‘वेगळी चूल मांडणे’ म्हणजे वेगळे राहणे हा वाक्प्रचार त्यावरच उभा आहे. सबंध कुटुंबाला जेवायला बोलावणे म्हणजे ‘चूलबंद आवतण’ देणे. चूल हे कुटुंबाच्या मोजणीचे माप होते.

जाड सारवणाला एक अट असे: चूल पूर्ण थंड हवी. ही अट वाटते तितकी साधी नाही. काड्यापेटी घरोघर येण्यापूर्वी रात्री निखारा राखेत पुरून ठेवीत व सकाळी त्यावरून विस्तव फुलवीत. तो विझला तर शेजारी मागावयास जावे लागे. राख पूर्णपणे काढून टाकणे म्हणजे विस्तव गमावणे. तेव्हा रोजची स्वच्छता ही राखेशी तडजोड करूनच व्हावयाची. ‘राख’ हा शब्द ‘रक्षा’पासून आला असल्याने निखारा राखते ती राख, अशी व्युत्पत्ती सुचवण्याचा मोह येथे होतो, तो आवरला पाहिजे. संस्कृतात ‘रक्षा’ला राखेचा अर्थ आला तो अंगाला लावलेल्या संरक्षक भस्मावरून, चुलीवरून नव्हे. मात्र चूल मुद्दाम थंड ठेवण्याचा दिवस काही प्रांतांत ठरलेला होता. गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीस, म्हणजे रांधण छठीस, दुसऱ्या दिवसाचे अन्न शिजवून घेतात, रात्री चूल स्वच्छ करून तिची पूजा करतात, आणि शीतला सप्तमीला ती पेटवीत नाहीत. व्रताचा हेतू देवीची शांती हा आहे. परंतु त्या निमित्ताने चुलीला वर्षातून एक दिवस पूर्ण विसावा मिळे, हेही खरे.

चुलीतून काढलेली राख फेकली जात नसे. लाकडाच्या राखेत पालाशाचे क्षार असतात. ओल्या राखेने तेलकट भांडे घासले की त्या क्षारांचा व तेलाचा संयोग होऊन किंचित साबणासारखा पदार्थ तयार होतो, आणि बारीक कण घासणीचे काम करतात. भांड्याच्या बुडाला चुलीवर चढवण्यापूर्वी राखेचा वा मातीचा लेप दिला की काजळी त्या लेपावर धरे व लेपासकट धुऊन निघे. उरलेली राख परसातल्या वेलांना. चुलीचा मळ तो भांड्यांचा साबण, अशी ही व्यवस्था असल्याने चुलीच्या बाबतीत ‘मळ’ हा शब्दच कोणी वापरल्याचे दिसत नाही. माझ्या आजीच्या बोलण्यात चुलीला ‘पोतेरे घातले’ असे, ‘सारवली’ असे. चूल ‘साफ केली’ हा प्रयोग तिच्या तोंडून ऐकल्याचे मला स्मरत नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र येथे उद्देश नाही. ‘सारवणे’ या क्रियापदाचा कर्ता व्यवहारात जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी आढळतो, आणि सोवळ्याच्या घरांत तर ते काम कोणत्या बाईने करावयाचे, कोणीने चुलीला शिवावयाचे नाही, हेही ठरलेले असे. चुलीपर्यंत पोचण्याचा अधिकार आणि चुलीपाशी राबण्याची सक्ती एकाच नियमाची दोन टोके होती. भाषेने हे अचूक टिपले आहे. ज्याला सर्वांनी वापरावे, झिजवावे आणि कोपऱ्यात टाकावे त्याचे ‘पोतेरे’ झाले असे आपण म्हणतो. ‘सारवासारव’ या शब्दाचा प्रवासही असाच. सारवल्याने भेग बुजते, पण ती दिसेनाशी झाली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. आज वृत्तपत्रांत मंत्र्यांची ‘सारवासारव’ वाचताना त्यामागची भुई व शेण कोणाला आठवत नाही. मूळची डागडुजी शेवटी लपवाछपवीवर येऊन ठेपली.

स्टोव्ह आल्यावर सारा प्रकार बदलला. स्टॉकहोममध्ये १८९२ मध्ये लिंडक्विस्ट यांनी तयार केलेला दाबाचा स्टोव्ह ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला, आणि विसाव्या शतकात आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही स्थिरावला. त्याच्या स्वच्छतेचे शब्द पाहा: पिन करणे, वॉशर बदलणे, काजळी पुसणे, पितळेची टाकी चिंचेने घासणे. पिन करणे ही दुरुस्ती, घासणे ही स्वच्छता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, आणि शुद्धीशी तर कोणाचाच नाही. पिन करण्याचे काम अनेक घरांत पुरुषांनी वा मुलांनी अंगावर घेतले, घासण्याचे मात्र घेतले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत गॅसचे सिलिंडर आणले. स्वयंपाक बसून करण्याऐवजी उभ्याने होऊ लागला, आणि घराबाहेरचा ‘ओटा’ हा शब्द स्वयंपाकघरात शिरला. ‘शेगडी’ हे कोळशाच्या उपकरणाचे नाव गॅसने घेतले. ‘चूल’ हे नाव मात्र त्याला मिळाले नाही. क्रियापदही नवे आले: ओटा आवरणे, गॅस पुसणे. पुसण्याने वस्तू होती तशी राहते. सारवण्याने ती दरवेळी थोडी नवी होते.

हाच भेद चूलसुधारकांच्या दृष्टीआड झाला. धुरापासून स्त्रियांची सुटका व्हावी हा हेतू निर्विवाद चांगला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या परिसरात ‘मगन चूल’ निघाली; १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी कोट्यवधींसाठी धूररहित स्वयंपाकघराची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ अशी मंगल नावे धारण करून त्या आल्या. परंतु त्यांतील पुष्कळशा थोड्याच वर्षांत पडून राहिल्या.

कारणे अनेक होती: अनुदानावर भिस्त, कच्चे बांधकाम, स्थानिक भांड्यांशी न जुळणारी मापे. परंतु आपल्या विषयाशी संबंधित कारणे दोन आहेत, आणि ती दोन्ही स्वच्छतेची आहेत. पहिले सारवणाचे. सुधारित चुलीचे गमक तिच्या आतल्या मापांत होते. तोंड अमुक रुंद, हवेची वाट अमुक उंच. मातीची चूल म्हटल्यावर घरातील बाईने तिला शिरस्त्याप्रमाणे माती चढवली, कड ढासळली तिथे हाताच्या अंदाजाने नवी घातली, जाड लाकूड आत जाईना तेव्हा तोंड थोडे मोठे केले. तिच्या दृष्टीने ती चूल नीट ठेवीत होती. अभियंत्याच्या दृष्टीने ती बिघडवीत होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर. एकाच्या लेखी चूल हे एकदाच घडवलेले यंत्र होते, दुसरीच्या लेखी ती रोज घडवावयाची गोष्ट होती.

दुसरे कारण धुराड्याचे. धूर वाहून नेणाऱ्या नळीत काजळी साचते. नळी अरुंद होत जाते, ओढ कमी होते, आणि धूर चुलीच्या तोंडातून परत घरात येतो. म्हणून धुराडे ठरावीक काळाने आतून झाडावे लागते. हे काम आपल्या घरकामाच्या क्रमात कोठेच नव्हते. वर्षातून एकदा छपराची काजळी व जळमटे काढीत, तेवढेच. धूर कौलांतून वाट काढीत असे. त्या वाटेला झाडण्याची गरज नव्हती. युरोपात याच्या नेमके उलट घडले होते. तेथे धुराडे शतकानुशतके होते, आणि ते झाडणाऱ्यांचा स्वतंत्र धंदाच होता, तोही क्रूर. इंग्लंडमध्ये लहान मुलांना धुराड्यात चढवीत, आणि ही प्रथा आवरण्यासाठी १७८८ पासून कायदे करावे लागले. ती खरोखर थांबली १८७५ च्या कायद्यानंतर. लोखंडी चुलाण्याला काळे शिसे चोळून चकाकी आणण्याचे दासीचे काम १८६१ च्या श्रीमती बीटन यांच्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात तपशिलाने आले आहे. म्हणजे तेथे धुराड्याबरोबर ते झाडणारा होता, आणि त्याच्या कामाला नाव होते. आपल्याकडे धुराडे एकटेच आले.

ओडिशातील ४४ खेड्यांत सुमारे २६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेऊन हॅना, डुफ्लो व ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हीच गोष्ट वेगळ्या भाषेत निघते. सुधारित चुलीने पहिल्या वर्षी घरातल्या बाईच्या श्वासातील धूर कमी झाला. पुढे तो परिणाम उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची निगा राखली गेली नाही. अर्थशास्त्रज्ञ येथे निगेच्या खर्चाचा व श्रमाचा हिशेब मांडतात, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच घरांत निगा म्हणून दुसरे एक काम पिढ्यान्‌पिढ्या, कोणीही न सांगता, रोज होत आले होते. श्रमाची तयारी नव्हती असे म्हणणे मला पटत नाही. जे काम मागितले गेले ते सारवण्यात बसत नव्हते, आणि त्याला घरच्या भाषेत क्रियापद नव्हते. प्रशिक्षणात त्याला ‘देखभाल’ म्हटले असेल. पण पहाटे उठून कोणी ‘देखभाल’ करीत नाही.

पाश्चात्त्य घरातील भट्टीने, म्हणजे ओव्हनने, या प्रश्नाची तिसरीच वाट काढली. तिच्या आत उडालेली चरबी बंद दारामागे भाजून घट्ट होते, आणि दिसत नसल्यामुळे ती महिनोन्‌महिने तशीच राहते. तिच्यासाठी दाहक सोड्याची द्रव्ये निघाली, आणि १९६३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने स्वतःला स्वच्छ करणारी भट्टी बाजारात आणली. आतील उष्णता सुमारे ४८० अंश सेल्सियसपर्यंत चढवून मळाची राख करावयाची आणि ती राख पुसून घ्यावयाची, ही तिची रीत. अग्नीने शुद्धी ही कल्पना आपल्याला नवी नाही. तिच्यासाठी बटण असावे हे नवे होते. मराठी शहरी घरांत ओव्हन आले, पण त्याच्या स्वच्छतेला मराठीने ‘साफ करणे’ यापलीकडे शब्द दिलेला नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे सरपणावर स्वयंपाक करीत होती. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोचला. तरी अनेक घरांत चूल गेली नाही. ती भाकरीसाठी व अंघोळीच्या पाण्यासाठी परसात सरकली, बहुधा तीन विटांची किंवा पत्र्याची होऊन. ती पेटवतात, तिच्यातली राख काढतात, पावसात भिजली तर दुसरी मांडतात, सारवीत नाहीत. आत गॅसवर उतू गेलेले दूध ओल्या फडक्याने पुसून घेतात, आणि त्या फडक्याला काही घरांत अजून पोतेरेच म्हणतात.